१४ अंशांचे पाणी आणि गोव्याचा पावसाळा: एका सर्व्हर-खोलीचे प्रकरण

पार्श्वभूमी

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीच्या पट्ट्यातील एका मध्यम आकाराच्या संशोधन-कंपनीचे हे प्रकरण आहे. औषधाचा रेणू प्रथिनाला कुठे आणि किती घट्ट चिकटेल याची गणिते ही कंपनी संगणकावर करते. एकेक गणित सलग कित्येक दिवस चालते. कंपनी, माणसे आणि पुरवठादार यांची नावे येथे दिलेली नाहीत, आणि ओळख पटू नये एवढ्यापुरते आकडे गोल केले आहेत. तापमानांचे एकमेकांशी असलेले नाते मात्र जसेच्या तसे ठेवले आहे, कारण प्रकरणाचे मर्म तिथेच आहे. घटनेनंतर नियंत्रण-यंत्रणेची तपासणी करण्यासाठी मला बोलावले गेले, त्यामुळे पुढचे बरेचसे नोंदींवरून आणि तिथल्या माणसांशी बोलून लिहिले आहे.

सर्व्हर-खोली पहिल्या मजल्यावर आहे. आधी तिथे प्रत्येकी सातेक किलोवॉटचे चार रॅक (सर्व्हरची कपाटे) होते आणि दोन प्रिसिजन एसी, म्हणजे खास सर्व्हर-खोल्यांसाठीचे एसी. ही जोडी वर्षानुवर्षे विनातक्रार चालली. मग जीपीयूचे (एकाच वेळी असंख्य गणिते करणाऱ्या चिपचे) दोन रॅक घ्यायचे ठरले, प्रत्येकी ४० किलोवॉटचे. एवढी उष्णता फक्त हवेने काढायची म्हटली तर हवा १२ अंशांनी तापू दिली तरी एका रॅकमधून सेकंदाला जवळजवळ तीन घनमीटर हवा ओढावी लागते. पाणी तेवढ्याच आकारमानात हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. म्हणून नव्या रॅकमध्ये प्रत्येक चिपवर कोल्ड प्लेट (आतून द्रव फिरणारी धातूची पाटी) बसवलेले सर्व्हर आले.

द्रवाची दोन मंडले आहेत. आतल्या मंडलात २५ टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल मिसळलेले पाणी मिनिटाला सुमारे ९० लिटर वेगाने कोल्ड प्लेटमधून फिरते. बाहेरच्या मंडलात गच्चीवरच्या चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पाणी असते आणि सोबत १००० लिटरची साठवण टाकी. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या शीतद्रव-वितरण कपाटात, ज्याला सगळे सीडीयू म्हणतात, एका प्लेट हीट एक्स्चेंजरमधून ही दोन मंडले, पाणी न मिसळता, फक्त उष्णतेपुरती एकमेकांना भेटतात. बाहेरचे थंड पाणी किती आत सोडायचे हे एक मोटरचा व्हॉल्व्ह ठरवतो. दोन्ही रॅक मिळून ८० किलोवॉटपैकी सुमारे ६० किलोवॉट द्रवात जातात. मेमरी, वीजपुरवठ्याचे संच, नेटवर्क कार्ड यांची उरलेली उष्णता हवेतच राहते.

बसवणी जानेवारीत झाली. खोलीत २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता होती, म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतला ओलावा पाणी होऊन साचू लागतो तो) सुमारे १३ अंश. चिलर १४ अंशांवर लावलेला होता आणि सीडीयू २० अंशांवर. आतल्या पाण्यात आणि दवबिंदूत सात अंशांचे अंतर होते, सगळे कोरडे ठणठणीत होते. चाचणी-पत्रांवर सह्या झाल्या.

त्या दिवशी खोलीत तीन स्वतंत्र स्वयंचलित यंत्रणा काम करत होत्या. सर्व्हरचे पंखे त्यांचा त्यांचा मदरबोर्ड चालवत होता. प्रिसिजन एसी परत येणाऱ्या हवेचे तापमान पाहत होते. सीडीयू पुढे जाणाऱ्या पाण्याचे तापमान पाहत होते. तिघांपैकी कोणालाही दुसऱ्याची खबर नव्हती, आणि दवबिंदू तर कोणीच पाहत नव्हते.

अडचण

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस नुकताच सुरू झालेला असताना, रात्री वादळात वीज गेली. सर्व्हर यूपीएसवर होते. सीडीयूचे पंपही यूपीएसवर होते. बसवणाऱ्यांनी अधिक सुरक्षितता म्हणून गच्चीवरचा पंपही यूपीएसवर घेतला होता. जनरेटर वीस सेकंदांत सुरू झाला, पण प्रिसिजन एसीचे कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी काही मिनिटे मुद्दाम थांबतात, तसे थांबले. खोली तापू लागली. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाने भिंतीवरच्या सूचनेप्रमाणे दार सताड उघडले.

ती सूचना जुन्या चार रॅकच्या काळातली होती: "एसी बंद पडल्यास दार उघडावे." त्या काळी ती योग्यच होती. रक्षकाने आपले काम चोख केले, हे इथे स्पष्ट लिहायला हवे, कारण दुसऱ्या दिवशी पहिले बोट त्याच्याकडेच वळले.

बाहेरच्या हवेचा दवबिंदू २४–२५ अंश होता. पावसाळ्यात गोव्यात तो बहुतेक वेळ तिथेच असतो. आत मॅनिफोल्डमधून (रॅकमधल्या सर्व्हरना पाणी वाटणाऱ्या नळातून) २० अंशांचे पाणी वाहत होते आणि सीडीयूच्या मागच्या नळांतून १४ अंशांचे. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा घाम सगळ्या उघड्या धातूला फुटला. थेंब रॅकच्या तळाशी असलेल्या गळतीशोधक केबलवर पडले. केबलने "गळती" असा इशारा दिला आणि सीडीयूने ठरवून दिल्याप्रमाणे पंप बंद केले. कोल्ड प्लेटमधला प्रवाह थांबला की चिप तापायला काही सेकंद पुरतात. जीपीयूंनी आधी वेग कमी केला, मग एकामागोमाग एक सगळे बंद पडले. कित्येक दिवस चाललेले गणित गेले. एका सर्व्हरच्या कनेक्टरवर पुढे हिरवट थर आढळला आणि तो भाग बदलावा लागला. समुद्र जवळ असलेल्या ठिकाणी धातूवर क्षाराचा पातळ थर असतोच. त्यावर साचलेले दव शुद्ध पाणी राहत नाही, ते वीज वाहते आणि तांबे खाते.

निदान

पहिला प्रश्न होता, खरोखर गळती झाली का? पुरवठादाराचे तंत्रज्ञ सांधे उघडून तपासायच्या तयारीत होते. त्याआधी कंपनीच्या देखभाल-अभियंत्यांनी केबलवरचे पाणी ड्रॉपरने उचलून रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवले, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्यावरून पाण्यात काही मिसळले आहे का ते दाखवणाऱ्या उपकरणावर. ग्लायकॉल असते तर आकडा वर गेला असता. तो शून्यावरच राहिला. हे आतल्या मंडलातले पाणी नव्हते, हवेतले होते. पाच मिनिटांच्या या चाचणीने सांधे उघडण्याचे दोनेक दिवस वाचले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण चांगले बसलेले सांधे विनाकारण उघडले की तिथेच पुढची खरी गळती जन्माला येते.

मग मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूला वाळलेल्या पाण्याचे जुने ओघळ दिसले. म्हणजे घाम त्या एकाच रात्री आला नव्हता. इथून पुढचा शोध नोंदींमध्ये होता.

इमारतीच्या देखरेख-यंत्रणेवर आतल्या पाण्याचे तापमान सदैव २० अंश दिसत होते, रेष अगदी सरळ. पण ती यंत्रणा पाच मिनिटांची सरासरी साठवत होती. सीडीयूच्या स्वतःच्या सेकंदागणिक नोंदी काढल्या तेव्हा चित्र वेगळे निघाले. रात्री गणितांची रांग रिकामी झाली की तापमान दर दोन-तीन मिनिटांनी १७ ते २३ अंशांमध्ये हेलकावे खात होते. कारण सोपे होते. व्हॉल्व्ह पूर्ण ६० किलोवॉटसाठी निवडलेला, आणि त्यामागचे पाणी १४ अंशांचे. रात्री भार १०–१२ किलोवॉटवर आला की व्हॉल्व्ह जेमतेम किलकिला उघडा राहायचा, आणि त्या अवस्थेत तो केसभर हलला तरी पाण्याचे तापमान अंशा-अंशाने बदलायचे. पूर्ण भारावर नीट बसवलेले पीआयडीचे (तापमानातल्या त्रुटीवरून व्हॉल्व्ह किती हलवायचा हे ठरवणाऱ्या सूत्राचे) गुणांक कमी भारावर फार आक्रमक ठरत होते.

दुसरे कारण हवेच्या बाजूचे होते, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा धडा तोच आहे. जुन्या व्यवस्थेत सर्व्हरची सगळी उष्णता हवेत येत असे. त्यामुळे एसीचा कॉम्प्रेसर अखंड चालायचा, कॉइल (एसीमधली थंड नळ्यांची जाळी) सतत थंड राहायचे आणि खोलीतला ओलावा आपोआप निथळून जायचा. खोली कोरडी ठेवण्याचे काम कोणी कोणाला सोपवले नव्हते, ते उष्णतेच्या जोरावर फुकटात होत होते. द्रव-शीतलन आल्यावर नव्या रॅकची तीन चतुर्थांश उष्णता पाण्यात गेली. जुने चार रॅकही आता बराच वेळ निवांत असायचे, कारण जड कामे जीपीयूकडे वळली होती. रात्री परतीची हवा पुरेशी गार आहे असे पाहून कॉम्प्रेसर थांबायचा, पंखा मात्र चालूच. ओल्या कॉइलवरून हवा फिरली की निथळलेला ओलावा परत खोलीत. २५ अंशांना ६५ टक्के आर्द्रता म्हणजे दवबिंदू १८, आणि ७० टक्के म्हणजे १९. पाणी हेलकाव्यात १७ पर्यंत उतरत होतेच. अॅश्रे या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या मार्गदर्शिकेत सर्व्हरसमोरच्या हवेचा दवबिंदू १५ अंशांपर्यंत ठेवण्याची शिफारस आहे. ती खोली रात्रीमागून रात्र तिच्या वर होती, आणि एकही इशारा वाजत नव्हता, कारण सगळे इशारे तापमानाला बांधलेले होते.

भर म्हणून दोन एसींचे आर्द्रतामापक आपापसांत सात-आठ टक्क्यांनी वेगळे दाखवत होते. त्यामुळे काही वेळा एक एसी हवा कोरडी करत असताना दुसरा वाफ सोडत होता. भर पावसाळ्यात, वेर्ण्याला.

पर्याय

बैठकीला चौघे होते: फोंड्याचे देखभाल-अभियंता, ज्यांनी औषध-कारखान्यांतील चिलर सांभाळण्यात उमेदीची वर्षे घातली, सत्तरी तालुक्यातील तरुण क्लस्टर-प्रशासक, जिच्या हातात सगळी गणिते होती, वित्तप्रमुख, आणि मी.

पहिला पर्याय म्हणजे पाणी कायमचे गरम करून टाकणे, सेटपॉइंट (ठरवून दिलेले तापमान) २० वरून ३० वर. अॅश्रेच्या द्रव-शीतलनाच्या वर्गवारीत १७, २७, ३२, ४० आणि ४५ अंश असे पुरवठ्याच्या पाण्याचे वर्ग आहेत. या सर्व्हरना ३२ पर्यंतचे पाणी चालत होते. म्हणजे कागदावर प्रश्न एका आकड्याने सुटत होता. प्रशासकाचा आक्षेप मात्र रास्त होता: पाणी जितके अंश चढेल जवळपास तितकेच अंश चिप चढते, आणि पाणी आधीच मर्यादेजवळ असेल तर चिलर बंद पडल्यावर हाताशी वेळ उरत नाही.

देखभाल-अभियंता तिला म्हणाले, "मॅडम, तुमचं कार्ड गरम झालं तर ते स्वतःहून सावकाश होतं. त्याच्यावर पाणी पडलं तर ते सावकाश होत नाही, मरतं."

"मान्य आहे सर," ती म्हणाली. "पण सावकाश व्हायलाही त्याला वेळ मिळाला पाहिजे. त्या रात्री पंपच बंद केला आपण."

माझ्या मते निर्णयाची दिशा या दोन वाक्यांत ठरली. चुकायचेच असेल तर यंत्रणेने गरम बाजूला चुकावे, आणि प्रवाह शेवटच्या क्षणापर्यंत तोडू नये.

दुसरा पर्याय होता नळांना नायट्राइल रबरचे आवरण. बाहेरच्या मंडलासाठी ते हवेच होते. पण रॅकमधले मॅनिफोल्ड आणि झटपट जोडणीचे कपलर झाकता येत नाहीत, आणि धोका तिथेच होता. तिसरा, हवेतला ओलावा काढणारा स्वतंत्र डीह्युमिडिफायर. उपयोगी, पण वीज गेल्यावर तोही बंद, आणि वादळाच्या रात्री दार उघडले तर त्याची क्षमता तोकडी. चौथा, एका पुरवठादाराने सुचवलेली यंत्र-अधिगमावर (मशीन लर्निंगवर) चालणारी नियंत्रण-प्रणाली. सादरीकरणात गूगलच्या डेटा सेंटरचा दाखला होता. डीपमाइंड या आपल्याच कृत्रिम बुद्धिमत्ता कंपनीच्या मदतीने शीतलनाची वीज ४० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे गूगलने २०१६ मध्ये जाहीर केले होते, तो. वित्तप्रमुखांना हा पर्याय आकर्षक वाटला. पण अशा प्रणालीला शिकायला अनेक ऋतूंच्या नोंदी लागतात, आणि इथे एका पावसाळ्याच्याही नव्हत्या. शिवाय इथली गरज वीज वाचवण्याची नव्हती. एक रेषा कधीही ओलांडली जाऊ नये, एवढीच होती. त्यासाठी साधे, वाचता येणारे सूत्र हवे. रात्री दोनला पाळीवरच्या माणसाला ते पाहून कळले पाहिजे की पाणी आत्ता २८ वर का आहे.

पाचवा पर्याय, जो स्वीकारला: आधारभूत तापमान वाढवायचे, त्यावर दवबिंदूचा मागोवा घेणारी मर्यादा बसवायची, आणि हवा व पाणी या दोन्ही यंत्रणा एका छोट्या पीएलसीच्या (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) देखरेखीखाली आणायच्या.

काय केले

बिनखर्चाच्या गोष्टी त्याच आठवड्यात झाल्या. देखभाल-अभियंत्यांनी विचारले, "मुळात चिलर १४ वर कशाला?" एसी स्वतःच्या कॉम्प्रेसरवर चालत होते, चिलरचे पाणी फक्त सीडीयूला जात होते. १४ ला कारण काहीच नव्हते, इमारतीच्या वातानुकूलनाची सवय तेवढी होती. निर्मात्याला विचारून, त्या यंत्राच्या परवानगीच्या टोकाला, चिलर २० अंशांवर नेला आणि सीडीयू २६ वर. या एका बदलाने दोन गोष्टी साधल्या. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा राहिला तरी पाणी २० च्या खाली जाणे अशक्य झाले. चिलरचे काम हलके झाले.

वाफ सोडणारे दोन्ही ह्युमिडिफायर बंद केले. गच्चीवरचा पंप यूपीएसवरून काढून जनरेटरवर टाकला. याला वित्तप्रमुखांचा विरोध होता. पैसे देऊन घेतलेली सुरक्षितता आपण काढून टाकतो आहोत असे त्यांना वाटले. त्यांना गणित मांडून दाखवले. आतल्या मंडलात सुमारे १५० लिटर द्रव आहे. ६० किलोवॉट भारावर बाहेरचे पाणी थांबले तर तो मिनिटाला सहा अंशांनी तापतो. जनरेटर वीस सेकंदांत येतो, म्हणजे वाढ दोन अंशांची. त्यानंतर पंप टाकीतले १००० लिटर पाणी फिरवतो, आणि चिलर बंद असला तरी ते मिनिटाला एका अंशाहूनही कमी तापते. चिलर सुरू व्हायला पाच मिनिटे लागली तरी वाढ चारेक अंश. उलट एसी बंद असताना थंड पाणी फिरवत राहणे म्हणजे ओलावा वाढत असताना नळ गार ठेवणे. ज्या क्षणी खोली सर्वांत दमट, त्याच क्षणी पाणी सर्वांत थंड, अशी ती जुनी रचना होती.

पुढच्या काही आठवड्यांत नियंत्रणाचे काम झाले. तापमान आणि आर्द्रता मोजणारे तीन संवेदक बसवले: एक दाराजवळ, एक जीपीयू रॅकच्या मागे, एक सीडीयूपाशी. पीएलसी प्रत्येकाचा दवबिंदू काढते आणि त्यात तीन अंश मिळवते. पाण्याचा सेटपॉइंट म्हणजे हा आकडा किंवा २६, यातला जो मोठा तो, कमाल ३०. त्याहून वर जायची वेळ आली तर जीपीयूंची वीज-मर्यादा कमी करायची आणि माणसाला उठवायचे.

तीन संवेदकांपैकी कोणाचे ऐकायचे यावर बराच वाद झाला. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मधला आकडा घ्यावा असे प्रशासकाचे म्हणणे होते, म्हणजे एक बिघडला तरी फरक पडणार नाही. पण दार उघडल्यावर दमट हवा आधी एकाच संवेदकाला लागते आणि मधला आकडा तिची खबर उशिरा देतो. सर्वांत मोठा आकडा घ्यायचे ठरले. बिघडलेला संवेदक फार तर पाणी ३० पर्यंत नेईल, आणि ३० ला काही बिघडत नाही.

सेटपॉइंट वर जाताना लगेच जातो, खाली येताना दहा मिनिटांत अर्धा अंश. ओलावा झपाट्याने येतो आणि सावकाश जातो, नियंत्रणाची चालही तशीच ठेवली. व्हॉल्व्हच्या पीआयडीला भारानुसार बदलणारे गुणांक दिले, आणि रॅकच्या वीजमापकाचा आकडा आगाऊ इशारा म्हणून जोडला. मोठे गणित सुरू होताच पाणी तापायची वाट न पाहता व्हॉल्व्ह उघडायला लागतो. व्हॉल्व्ह टोकाला पोहोचल्यावर पीआयडीत त्रुटीची बेरीज साठत राहू नये याचीही सोय केली. नाहीतर वीज परत आल्यावर ती साठलेली बेरीज पाण्याला एकदम खाली खेचते.

एसीचे नियंत्रण परतीच्या हवेवरून सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेवर आणले आणि दोन्ही एसी एका गटात बांधले. तरी रात्रीचा ओलावा हटेना, कारण उष्णताच कमी होती. एसीमधले विजेचे हीटर लावून खोटा भार तयार करण्यापेक्षा छोटा डीह्युमिडिफायर घेणे बरे, असे ठरले. दाराला आपोआप बंद होणारा बिजागर बसला. भिंतीवरची सूचना बदलली: "वीज गेली, एसी बंद पडला, तरी दार उघडू नये."

गळतीच्या इशाऱ्यावर सर्वांत जास्त वेळ गेला. पुरवठादाराचे म्हणणे, पाणी दिसले की पंप बंद, याला पर्याय नाही. त्यांची काळजी खोटी नव्हती. शेवटी पायऱ्या ठरल्या. केबल ओली, पण मंडलातला दाब आणि टाकीची पातळी स्थिर: हे बहुधा दव आहे, पाणी दोन अंश वाढवा आणि माणसाला बोलावा. रॅकच्या आतली केबल ओली: त्या रॅकची गणिते जतन करून सर्व्हर क्रमाने बंद करा, तोवर पंप चालू ठेवा. केबल ओली आणि दाब किंवा पातळी घसरते आहे: तेव्हाच ताबडतोब पंप बंद.

व्हॉल्व्हचा संकेत तुटला तर त्याने कुठे थांबावे? देखभाल-अभियंत्यांना स्प्रिंगने बंद होणारा हवा होता, प्रशासकाला उघडा राहणारा. आहे त्या जागी थांबणारा निवडला गेला. मी स्वतः बंद होणाऱ्याच्या बाजूने होतो आणि अजूनही आहे. दार उघडे असताना २० अंशांचे पाणीही पावसाळी दवबिंदूच्या खालीच असते. पण तसे घडायला दोन बिघाड एकाच वेळी व्हावे लागतील हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही खोटा नाही.

चाचणी आणि निष्पत्ती

जुलैतल्या एका पावसाळी रविवारी मुख्य ब्रेकर मुद्दाम पाडला. पाणी ठीक वागले, पण पडद्यावरचा दवबिंदू जागचा हलेना. संवेदकांचा नेटवर्क स्विच यूपीएसवर नव्हता. तो बंद पडला आणि पीएलसी शेवटचा आकडाच खरा मानून बसली. हा दोष घातक होता, कारण नेमक्या गरजेच्या वेळी यंत्रणा आंधळी झाली आणि पडद्यावर सगळे छान दिसत राहिले. स्विच यूपीएसवर घेतला आणि एक नियम वाढवला: तीस सेकंदांत नवा आकडा आला नाही तर सर्वांत वाईट परिस्थिती धरून सेटपॉइंट २९ वर न्यायचा. पुन्हा घेतलेल्या चाचणीत पाणी जास्तीत जास्त २९ अंशांपर्यंत चढले, जीपीयूंनी वेग कमी केला नाही, आणि मॅनिफोल्डवर फिरवलेला टिश्यू पेपर कोरडा निघाला.

चवथीच्या दिवसांत गोव्यात कोणीही कामावर नसते. खरी परीक्षा तीच होती. त्या दिवसांत वीज अधूनमधून गेली, सेटपॉइंट २७–२८ पर्यंत चढून परत उतरला, कोणाला गावाहून धावत यावे लागले नाही. प्रशासकाने वाळपईला घरी बसून मोबाइलवर रेष पाहिली, एवढेच.

पावसाळा संपताना एक अनपेक्षित गोष्ट घडली. बाहेर कोरडे ऊन असताना सेटपॉइंट २९ वर जाऊन बसला. आधी सर्वांनी संवेदकावर संशय घेतला. तपासल्यावर एका एसीची निचऱ्याची नळी शेवाळाने तुंबलेली निघाली. ट्रे भरून पाणी खोट्या फरशीखाली पसरले होते आणि तिथून वाफ होऊन खोलीत येत होते. पूर्वी ही गोष्ट फरशी उचलेपर्यंत कळली नसती. दवबिंदूची रेष आता देखभालीच्या दैनंदिन नोंदवहीत आली आहे.

चिपचे तापमान पूर्वीपेक्षा सहा अंशांनी जास्त राहते, गणितांचा वेग तोच आहे. वीज किती वाचली हे वित्तप्रमुखांनी विचारले, पण दरम्यान गणितांचा भार वाढल्याने आधीच्या बिलाशी तुलना करण्यात अर्थ नव्हता, आणि तसे त्यांना सांगितले. हवा धातूला किती खाते हे पाहायला खोलीत तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या टांगल्या आहेत. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) कमी थर चढला तर हवा सौम्य मानली जाते. त्या पट्ट्यांचा पूर्ण वर्षाचा निकाल अजून यायचा आहे.

वेगळे काय करता आले असते

जानेवारीत घेतलेली चाचणी पावसाळ्याबद्दल काही सांगू शकत नाही. जूनपर्यंत थांबणे शक्य नसेल तर खोलीत मुद्दाम वाफ सोडून आर्द्रता ७० टक्क्यांवर नेऊन चाचणी घेता आली असती. ती करारात लिहायला हवी होती.

तीन करार होते: एसीच्या देखभालीचा, सीडीयूचा आणि सर्व्हरचा. तिन्ही नीट पाळले गेले. दवबिंदू मात्र कोणाच्याच करारात नव्हता. उष्णतेचा मार्ग हवेतून पाण्यात वळवताना, हवा कोरडी राहण्याची जी सोय आपोआप होत होती तिचे काय होईल, हा प्रश्न खरेदीच्या वेळी विचारायला कोणी जबाबदारच नव्हते. आता देखभाल-अभियंत्यांच्या जबाबदाऱ्यांत तो लेखी आहे.

चिलर १४ वरून २० वर नेणे हा बदल पहिल्याच दिवशी करता आला असता. अपघाताच्या रात्री तो झालेला असता तर घाम टळला नसता, पण आधीच्या सगळ्या रात्रींचे ओघळ टळले असते, आणि बहुधा तो हिरवा कनेक्टरही.

जीपीयूचा पुढचा रॅक घ्यायचा विचार चालू आहे. यावेळी मागणीपत्रात ४० अंशांचे पाणी चालणारे सर्व्हर मागितले आहेत. वेर्ण्याला पारा ३६ च्या वर क्वचितच जातो, त्यामुळे तेवढ्या गरम पाण्यासाठी चिलरऐवजी गच्चीवरचा साधा ड्राय कूलर (बाहेरच्या हवेनेच पाणी गार करणारे यंत्र) वर्षातले बहुतेक दिवस पुरेल, आणि ४० अंशांच्या नळावर गोव्यातल्या कोणत्याही ऋतूत दव साचणार नाही. दोन पुरवठादारांची उत्तरे आली आहेत. ३२ अंशांपर्यंतचेच आश्वासन देणाऱ्या तिसऱ्याला देखभाल-अभियंत्यांनी पुन्हा पत्र पाठवले आहे.